टायपिंगला बसताना : मान, मनगट आणि प्लास्टिकची खुर्ची

लिपिक-टंकलेखक भरतीसाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास भरलेले असतात. वेगाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बसण्याकडे फारसं कुणाचं नाही.

खरी अडचण खुर्चीची. प्लास्टिकची खुर्ची बुटकी, टेबल उंच. मग खांदे वर उचलून टाईप करावं लागतं आणि तासाभरात मानेला रग लागते. महागडी खुर्ची नको, बुडाखाली गोधडीची घडी टाकली तरी भागतं. कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. पाय अधांतरी झाले तर खाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय बहुतेक जण उभे करतात. त्यानं मनगट मागं वाकतं. ते मिटलेलेच बरे. जुन्या टाईपरायटरवर बोट आपटावं लागायचं, संगणकाची कळ हलक्या दाबानं उमटते. तरी आपटायची सवय काही जात नाही! एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. तिथं तर्जनी ठेवली की खाली बघावं लागत नाही, मानही वाकत नाही.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. उजेडाची खिडकी बाजूला असावी, समोर किंवा पाठीमागं नको. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघावं. लॅपटॉप असेल तर तो उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा जोडावा.

सेवा केंद्रावर पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत गर्दी उसळते. फोन कान-खांद्यात दाबून फॉर्म भरणं तिथं नेहमीचंच. मानेला याहून वाईट काही नाही. सकाळी धारा काढून दिवसभर टायपिंग करणाऱ्याच्या मनगटाला तर दुहेरी काम.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होणं, रात्री मुंग्यांनी जाग येणं, हातातून वस्तू निसटणं, ही मनगटातली नस दबल्याची लक्षणं असू शकतात. करंगळीला सहसा त्रास नसतो. नुसतं मलम चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. सुरुवातीलाच दाखवलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही बऱ्याच जणांना उतार पडतो. मधुमेह किंवा थायरॉईड असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, त्यांच्यात हा त्रास जास्त दिसतो.