प्रिंट्स इन पॅरिस १९००

ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉख संग्रहालयात ३ मार्च ते ११ जून २०१७ या काळात भरलेले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच मुद्राचित्रांचे प्रदर्शन. ‘अभिजनांपासून रस्त्यापर्यंत’ अशा अर्थाचे उपशीर्षक त्याला होते, आणि मांडणीचे सूत्रही तेच: एकीकडे संग्राहकाच्या घरातले मुद्राचित्र, दुसरीकडे भर रस्त्यावरचे भित्तिपत्रक. संग्रहालयाने २००० सालापासून जमवलेला, सुमारे १,८०० मुद्राचित्रांचा संग्रह हा त्याचा पाया.

फ्रान्समध्ये २९ जुलै १८८१ च्या कायद्याने मुद्रण आणि भित्तिपत्रके यांवरील निर्बंध सैल झाले. जूल शेरे याने त्याआधीच रंगीत शिळाछापाला मोठा आकार मिळवून दिला होता. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळा दगड लागतो आणि एकाच कागदावर सगळे रंग नेमके जुळावे लागतात. म्हणूनच कारागीर हा चित्रकाराचा खरा भागीदार असे. तुलूझ-लोत्रेकने १८९३ मध्ये ‘लेस्तांप ओरिजिनाल’ या चित्रसंपुटाच्या वेष्टनावर हेच रंगवले. नर्तकी झान आव्रिल ताजी छाप निरखते आहे आणि मागे म्हातारा मुद्रक यंत्रावर राबतो आहे. कारागिराला मुखपृष्ठावर इतके मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

घर आणि रस्ता या दोन टोकांमधले अंतर आकड्यांतही दिसते. लोत्रेकचे १८९१ चे ‘मुलाँ रूझ’ हे भित्तिपत्रक सुमारे ३,००० प्रतींत छापले गेले. याउलट फेलिक्स व्हालोताँच्या ‘अँतिमिते’ या दहा काष्ठठशांच्या मालिकेच्या प्रती अवघ्या ३०. पुन्हा छापता येऊ नये म्हणून ठसे तोडले गेले आणि त्यांच्या तुकड्यांची एक छाप पुरावा म्हणून जोडली गेली. बंद खोल्यांतली स्त्री-पुरुषांची लपवाछपवी काळ्याच्या गडद पट्ट्यांत मांडणारी ही मालिका त्या काळातील मुद्राचित्रकलेचे शिखर मानायला हवी. ‘ले शा न्वार’ या कॅबरेसाठीचे स्टेन्लेनचे भित्तिपत्रक (१८९६) मात्र आज ते कॅबरे न पाहिलेल्यांच्याही परिचयाचे आहे.

घर आणि रस्ता ही विभागणी मांडणीला सोयीची असली, तरी इतिहासात ती तितकी काटेकोर नव्हती. एदमाँ सागो यांसारखे विक्रेते भित्तिपत्रकेही संग्राहकांना विकत, आणि आज भित्तिपत्रकांच्या ज्या प्रती शाबूत आहेत त्या बव्हंशी भिंतीवर कधी लागल्याच नव्हत्या.