ऊर्जामंत्री, राजभवन आणि एका राज्याची विभागणी

हैदराबादच्या अलीकडच्या इतिहासात सुशीलकुमार शिंदे यांचे नाव तीन वेगवेगळ्या संदर्भांत येते. नोव्हेंबर २००४ ते जानेवारी २००६ या काळात ते आंध्र प्रदेशचे राज्यपाल होते. पुढे जुलै २०१२ पर्यंत ते केंद्रीय ऊर्जामंत्री होते. त्यानंतर गृहमंत्री या नात्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक त्यांनी लोकसभेत मांडले. या तीन भूमिकांचा विचार सहसा सुटासुटा केला जातो. राज्यपालपद म्हणजे राजकीय विश्रांती, ऊर्जा खाते म्हणजे तांत्रिक कारभार आणि तेलंगणा म्हणजे भावनेचा प्रश्न, अशी ही वाटणी असते. प्रत्यक्षात तेलंगणाच्या प्रश्नात वीज हा पहिल्यापासून मध्यवर्ती मुद्दा होता.

शिंदे यांचा जन्म १९४१ चा, सोलापूरचा. तेथील न्यायालयात शिपाई, मग मुंबईत पोलीस उपनिरीक्षक आणि १९७४ पासून करमाळ्याचे आमदार, हा त्यांचा प्रवास महाराष्ट्राला परिचित आहे. राज्याचे अर्थमंत्रिपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले आणि जानेवारी २००३ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर २००४ ची निवडणूक काँग्रेस आघाडीने त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात जिंकली. मुख्यमंत्रिपद मात्र विलासराव देशमुखांकडे गेले आणि शिंदे यांना हैदराबादला धाडण्यात आले. निवडणूक जिंकूनही राजभवनात जावे लागणे, याचा अर्थ राजकारण जाणणाऱ्यांना वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

एका दृष्टीने मात्र ही नेमणूक चपखल होती. सोलापूर हे निजामी मुलखाला लागून असलेले ब्रिटिश हद्दीतले शहर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तेथील हातमाग आणि यंत्रमाग उभे केले आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू ही घरातली भाषा राहिली. त्यामुळे सोलापूरच्या राजकारण्याला तेलुगू माणूस परका नसतो.

ते हैदराबादला आले तेव्हा आंध्र प्रदेशात सत्ताबदल होऊन सहा महिने झाले होते, आणि हा सत्ताबदल समजून घ्यायचा तर विजेपासूनच सुरुवात करावी लागते. चंद्राबाबू नायडू यांच्या सरकारने १९९८ चा वीज सुधारणा कायदा करून फेब्रुवारी १९९९ मध्ये राज्य वीज मंडळ मोडले. निर्मिती व पारेषणाच्या वेगळ्या कंपन्या आणि पाठोपाठ वितरणाच्या चार कंपन्या झाल्या. जागतिक बँकेने त्यासाठी कर्ज दिले. नव्या नियामक आयोगाच्या पहिल्या आदेशाने २००० साली दर वाढले आणि डाव्या पक्षांनी व काँग्रेसने आंदोलन पुकारले. २८ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादच्या बशीरबाग भागात मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या वेळी विधानसभेचे उपाध्यक्ष असलेले के. चंद्रशेखर राव यांनी दरवाढीला विरोध करणारे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. एप्रिल २००१ मध्ये पदाचा राजीनामा देऊन त्यांनी तेलंगणा राष्ट्र समिती स्थापन केली. मंत्रिपद न मिळाल्याची नाराजी त्यामागे होती, असे विरोधक म्हणत आले आणि त्यात तथ्य असेलही. परंतु पक्षाची पहिली हाक विजेच्या दराच्या मुद्द्यावर लोकांपर्यंत पोहोचली, हे नाकारता येत नाही.

याचे कारण भूगोलात आहे. कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात शेताला पाणी कालव्याने मिळते. तेलंगणात काकतीयांच्या काळापासूनचे तलाव दुर्लक्षित होत गेले आणि शेतकरी विहिरी व बोअरवेलवर आला. कालव्याच्या पाण्याला वीज लागत नाही, बोअरच्या पाण्याला लागते. म्हणून राज्यभर लागू असलेला एकच वीजदर प्रत्यक्षात दोन प्रदेशांवर वेगवेगळा भार टाकत होता. मे २००४ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेताच पहिली सही केली ती शेतीच्या मोफत विजेच्या आदेशावर. त्या निवडणुकीत राज्यातील लोकसभेच्या ४२ जागांपैकी २९ काँग्रेसला व ५ मित्रपक्ष तेलंगणा राष्ट्र समितीला मिळाल्या. दिल्लीतले सरकार उभे राहण्यात या जागांचा वाटा मोठा होता. राज्याचे ऊर्जा खाते कामारेड्डीचे आमदार मोहम्मद अली शब्बीर यांच्याकडे आले. अल्पसंख्याक कल्याण खातेही त्यांच्याकडेच होते. मोफत वीज आणि मुस्लिम आरक्षण, सरकारची दोन सर्वांत वादग्रस्त आश्वासने, अशी एकाच मंत्र्याच्या मेजावर आली.

या दुसऱ्या आश्वासनाशी राज्यपाल शिंदे यांचा थेट संबंध आला. जुलै २००४ चा पाच टक्के आरक्षणाचा शासकीय आदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला होता. जून २००५ मध्ये राज्य सरकारच्या सल्ल्याने राज्यपालांनी त्याच आशयाचा अध्यादेश जारी केला. त्याचे पुढे कायद्यात रूपांतर झाले व नोव्हेंबर २००५ मध्ये तोही न्यायालयात टिकला नाही. २००७ चा चार टक्क्यांचा, मागास गटांपुरता मर्यादित कायदा २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने चालू राहिला. महाविद्यालयांतील प्रवेशावर याचा झालेला परिणाम शिक्षकांना वेगळा सांगायला नको. राज्यपालाची सही ही घटनेच्या दृष्टीने औपचारिक बाब, हे खरे. तरीही कोणत्या काळात कोणाची सही आहे, याची नोंद इतिहासाने ठेवायची असते.

जानेवारी २००६ मध्ये शिंदे दिल्लीला गेले. या खात्यावर त्यापूर्वी महाराष्ट्राचाच ठसा होता. सुरेश प्रभू यांनी सप्टेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात नव्या वीज विधेयकाचा पाया घातला, पक्षप्रमुखांच्या इच्छेने त्यांना पद सोडावे लागले आणि त्यांचेच पक्षबंधू अनंत गीते यांच्या काळात २००३ चा वीज कायदा झाला. या कायद्यानुसार एखाद्या राज्याला कोणाला सवलतीत वीज द्यायची असेल, तर त्याची रक्कम राज्याने वितरण कंपनीला आगाऊ भरायची. म्हणजे हैदराबादेत जे लोकप्रिय होते त्याला दिल्लीचा कायदा मनाई करत नव्हता, फक्त बिल मागत होता.

शिंदे यांच्या साडेसहा वर्षांचा हिशेब सरळ नाही. दहाव्या योजनेत ४१ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट असताना जेमतेम २१ हजारांची भर पडली होती. अकराव्या योजनेत मूळ उद्दिष्ट ७८ हजारांवर होते, पुढे ते ६२ हजारांपर्यंत खाली आणले आणि साध्य झाले सुमारे ५५ हजार. उद्दिष्टाशी तुलना केली तर हे अपयश ठरते, आणि आधीच्या पाच वर्षांशी केली तर अडीच पटींहून अधिक काम. राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेतून दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडण्या मिळाल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तरेचे जाळे पूर्व व पश्चिमेच्या जाळ्याशी एकाच लयीत जोडले गेले. दक्षिण मात्र बाहेर राहिली. तिच्याशी देवाणघेवाण होई ती मर्यादित दुव्यांवरून. त्यामुळे आंध्रात टंचाई असताना इतरत्रची वीज हवी तेवढी आणता येत नव्हती, आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू २०१० नंतर घटू लागला तसे वायूवर चालणारे प्रकल्प बसून राहिले. कारखान्यांना सक्तीची ‘पॉवर हॉलिडे’ आली.

जुलै २०१२ च्या अखेरीस जे घडले त्यात याच तुटलेपणाने दक्षिणेला वाचवले. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर मार्गावरील भार असह्य होऊन उत्तरेचे जाळे कोसळले. ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकत्र कोसळली. सुमारे ४८ हजार मेगावॅटचा पुरवठा थांबला आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात अंधार झाला. हैदराबादेत दिवे चालू होते.

त्याच दिवशी मंत्रिमंडळातील बदल जाहीर झाले. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती झाल्याने चिदंबरम अर्थ खात्याकडे गेले आणि गृह खाते शिंदे यांना मिळाले. देश अंधारात असताना ऊर्जामंत्र्याला बढती, असा उपहास सर्वत्र झाला. बदल आधीच ठरलेला असल्याने हा उपहास पूर्णपणे न्याय्य म्हणता येत नाही. ठरल्यापेक्षा जास्त वीज खेचणारी राज्ये होती आणि घटनेनुसार वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे. परंतु जास्त वीज ओढणाऱ्या राज्यांना रोखण्याची शिस्त सहा वर्षांत बसली नाही, याची जबाबदारी खात्याच्या प्रमुखावर येतेच. त्या शिस्तीचे राजकीय मोल द्यायला केंद्रातले आघाडी सरकार तयार नव्हते.

गृहमंत्री म्हणून तेलंगणाचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. २८ डिसेंबर २०१२ च्या सर्वपक्षीय बैठकीनंतर त्यांनी महिन्याभरात निर्णय होईल असे सांगितले. महिना उलटला, निर्णय झाला नाही आणि तेलंगणात संताप उसळला. काँग्रेस कार्यकारिणीने ३० जुलै २०१३ रोजी होकार दिला. तेव्हाचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी यांनी विभाजनाविरुद्ध जे मुद्दे मांडले त्यांत वीज अग्रभागी होती: वेगळे तेलंगणा अंधारात जाईल. तेलंगणावाद्यांचे उत्तर तयार होते. सिंगरेणीचा कोळसा आमच्या भूमीतला आणि त्यावर चालणारी केंद्रे रायलसीमेत. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी शिंदे विधेयक मांडत असताना सभागृहात मिरपुडीचा फवारा मारणारे विजयवाड्याचे खासदार लगडपाटी राजगोपाल हे लँको या ऊर्जा उद्योगाचे संस्थापक होते. १८ तारखेला लोकसभेने विधेयक मंजूर केले तेव्हा दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण बंद पडलेले होते.

या कायद्याचे बारावे परिशिष्ट अभ्यासकांनी अवश्य वाचावे. राज्याच्या मालकीची वीजकेंद्रे ज्या भूमीत ती त्या राज्याची. केंद्रीय प्रकल्पांतील वाटा मात्र लोकसंख्येवर न ठरवता मागील पाच वर्षांच्या प्रत्यक्ष वापरावर ठरवायचा. हैदराबादसारखे शहर आणि लाखो कृषिपंप यांमुळे तेलंगणाचा वापर मोठा होता, म्हणून मे २००४ च्या सहीनंतर बरोबर दहा वर्षांनी, मे २०१४ मध्ये, त्याच्या वाट्याला ५३.८९ टक्के वीज आली. लोकसंख्येवर मोजले असते तर हा वाटा ४२ टक्क्यांच्या आसपास राहिला असता. कर्नूल आणि अनंतपूर हे जिल्हे हैदराबादच्या वितरण कंपनीतून काढून तिरुपतीच्या कंपनीला जोडले. तेराव्या परिशिष्टात तेलंगणात ४,००० मेगावॅटचा प्रकल्प उभारण्याचे काम एनटीपीसीवर टाकले आहे. माजी ऊर्जामंत्री गृहमंत्री असल्याचा हा लाभ होता की नव्या राज्याच्या अडचणीची स्वाभाविक जाणीव, हे त्या कलमांवरून ठरवता येत नाही.

दरम्यान ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळेही देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. जोडणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी रायचूरहून निघते, जे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, आणि सोलापूरला पोहोचते. त्या सोलापूरने मे २०१४ मध्ये शिंदे यांना लोकसभेत पराभूत केले. तेलंगणात काँग्रेसला राज्य दिल्याचे श्रेय मिळाले नाही आणि आंध्रात विधानसभेची एकही जागा मिळाली नाही.

तेलंगणा अंधारात गेले नाही. १ जानेवारी २०१८ पासून तेथे शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली आणि तिची किंमत वितरण कंपन्यांच्या तोट्यात दिसू लागली. परिशिष्टात लिहिलेल्या ४,००० मेगावॅटपैकी ८०० मेगावॅटचा पहिला संच रामगुंडमला ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. लोअर सिलेरूचा ४६० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प खम्मममधील सात मंडलांबरोबर आंध्रकडे गेला. विभाजनानंतर आंध्रने पुरवलेल्या विजेपोटी व्याजासह ६,७५६ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये तेलंगणाला दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो रद्द केला.