क्रोएशियातील बोरोव्हो : एका मोठ्या खेड्याचा भूगोल आणि लोकसंख्येचा इतिहास

प्रस्तावना :

ग्रामीण लोकसंख्येचा अभ्यास करताना जन्मदर, मृत्युदर व शेतीची स्थिती यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. तथापि सरहद्दीवरील खेड्याच्या बाबतीत ही चौकट अपुरी पडते. पूर्व क्रोएशियातील बोरोव्हो हे खेडे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या खेड्याचे भौगोलिक स्थान आणि १९९१ नंतरची लोकसंख्या यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

भौगोलिक स्थान :

बोरोव्हो हे वुकोवार-स्रियेम जिल्ह्यात, वुकोवार शहराच्या उत्तरेस, डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर वसले आहे. पॅनोनियन मैदानातील ही सपाट व सुपीक जमीन धान्यशेतीस अनुकूल आहे. नदीपलीकडे सर्बियाचा वोइवोदिना प्रांत आहे. एकाच वस्तीची ही स्वतंत्र ग्रामपालिका असून तिचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. कि. मी. आहे. भारतीय जनगणनेत गाव 'शहर' ठरण्यासाठी पाच हजार लोकसंख्या, दर चौ. कि. मी. किमान ४०० घनता आणि पंचाहत्तर टक्के पुरुष बिगरशेती व्यवसायात असणे अपेक्षित असते. २०११ मध्ये बोरोव्होने पहिली अट पूर्ण केली असती; घनता मात्र १८० च्याच आसपास होती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

बाटा उद्योगसमूहाने १९३१ मध्ये या परिसरात पादत्राणांचा कारखाना सुरू केला. त्याभोवती 'बोरोव्हो नासेल्ये' ही नियोजित औद्योगिक वसाहत उभी राहिली व ती पुढे वुकोवार शहराचा भाग झाली. मूळ गाव 'बोरोव्हो सेलो', म्हणजे बोरोव्हो खेडे, या नावाने ओळखले जाऊ लागले. या नामसाम्यामुळे आकडेवारी वाचताना गल्लत होण्याचा संभव असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० च्या दशकात तेथे वीस हजारांहून अधिक कामगार होते.

युगोस्लाव्हियाच्या विघटनकाळात, २ मे १९९१ रोजी, या खेड्यात झालेल्या चकमकीत क्रोएशियाचे बारा पोलीस मारले गेले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला वुकोवार पडले. नोव्हेंबर १९९५ च्या एर्दुत करारानंतर हा प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाखाली आला आणि १५ जानेवारी १९९८ रोजी क्रोएशियात शांततेने विलीन झाला.

लोकसंख्येचे स्वरूप :

१९९१ मध्ये खेड्याची लोकसंख्या ६,४४२ होती. ती २००१ मध्ये ५,३६० आणि २०११ मध्ये ५,०५६ झाली. म्हणजे वीस वर्षांत सुमारे साडेएकवीस टक्के घट झाली. याच काळात संपूर्ण देशाची घट सुमारे साडेदहा टक्के होती. २०२१ च्या जनगणनेत हा आकडा चार हजारांच्याही खाली गेला. जनगणनेतील 'रहिवासी' या संज्ञेची व्याख्या मध्यंतरी बदलल्याने या आकड्यांची तुलना काटेकोर मानता येत नाही. तरीही कल स्पष्ट आहे.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, २०११ मध्ये सुमारे नव्वद टक्के रहिवासी सर्ब होते. १९९५ च्या लष्करी कारवाईत क्रोएशियाच्या अन्य भागांतून सर्बांचे मोठे स्थलांतर झाले. येथे मात्र शांततामय विलीनीकरणामुळे सर्ब बहुसंख्या टिकून राहिली. दोन, युद्धाच्या दशकातील घट सुमारे सतरा टक्के होती, तर २०११ ते २०२१ या शांततेच्या दशकातील घट वीस टक्क्यांहून अधिक आहे. या दुसऱ्या दशकात संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्याही १,७९,५२१ वरून १,४३,११३ वर आली. कारखाना युद्धानंतर पुन्हा सुरू झाला, परंतु पूर्वीच्या रोजगाराचा अल्प अंशच उरला. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया युरोपीय संघात सामील झाल्यावर पश्चिम युरोपातील श्रमबाजार टप्प्याटप्प्याने खुला होत गेला.

निष्कर्ष :

१. बोरोव्होच्या लोकसंख्येची दिशा ठरविण्यात शेतजमिनीच्या सुपीकतेपेक्षा सीमा, कारखाना व श्रमबाजार हे घटक अधिक प्रभावी ठरले.

२. ज्या वांशिक प्रमाणासाठी संघर्ष झाला ते प्रमाण बव्हंशी टिकले. माणसे मात्र कमी झाली. म्हणून अशा प्रदेशाच्या अभ्यासात टक्केवारीबरोबरच प्रत्यक्ष संख्या पाहणे अगत्याचे आहे.

३. युद्ध थांबल्याने विस्थापन थांबते, हे गृहीतक येथे टिकत नाही. रोजगाराविना आलेली शांतताही गाव रिकामे करू शकते.