घर कोणाला बांधायला द्यावे? किल्लारीने शिकवलेले



माझी भाची आणि जावई गेली बारा वर्षे जपानमध्ये आहेत. आता टोकियोजवळ छोटी जागा घेऊन तिथे स्वतःच्या मनासारखे घर बांधायचे ठरले आहे. परवा फोनवर विचारत होती, "मावशी, बिल्डर कसा निवडायचा गं? तुम्ही माधवनगरला घर बांधलंत तेव्हा काय बघितलं होतं?" तिच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, सेकिसुई हाउस किंवा दाइवा हाउस यांसारखी मोठी कंपनी. घराचे भाग कारखान्यात तयार होतात आणि जागेवर आणून जोडतात. दुसरी, गावातला छोटा बांधकामवाला. त्याला तिकडे कोमुतेन म्हणतात. पूर्वी त्याच्या जागी तोर्यो म्हणजे मुख्य सुतार असायचा आणि त्याच्या हाताखाली सगळे घर उभे राहायचे. तिसरी वाट म्हणजे आर्किटेक्ट नेमून त्याच्या देखरेखीखाली बांधून घेणे.

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. कारण हा प्रश्न आला की मला आमच्या घराआधी किल्लारी आठवते. माझ्या मते घर कोणाकडून बांधून घ्यावे याची सगळ्यात मोठी परीक्षा महाराष्ट्रात तिथेच झाली. तिच्याबद्दल आपण बायका फारसे बोलत नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आधी आपल्याकडची जुनी रीत बघू. सांगली-मिरजेकडे घर बांधायचे म्हणजे गवंडी आणि सुतार ठरवायचे. घराण्याचा गवंडी असायचा. आजोबांचे जोते ज्याने घातले त्याचा मुलगा नातवाची भिंत रचायचा. काम मजुरीवर असे, माल आपला. दगड, माती, चुना, लाकूड सगळे घरमालक आणणार आणि गवंडी रोजावर किंवा ब्रासच्या हिशोबाने काम करणार. चौकट बसवताना पूजा, नारळ, कारागिरांना टॉवेल-टोपी. (जपानमध्येही आढे चढवले की सुतारांना जेवण आणि मान देण्याची पद्धत आहे, असे भाचीने सांगितले. ऐकून बरे वाटले.) कागद कसला नाही, करार नाही. गवंड्याची अब्रू हीच हमी. कारण तो गावातच राहायचा आणि भिंत कलली तर रोज त्याच रस्त्याने जायचे होते त्याला.

ही रीत चांगलीच होती. पण अब्रूदार गवंड्यालाही जे माहीत नाही ते तो बांधू शकत नाही, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कळले.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपला दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. घरोघरी उपवास होते, सकाळी पारणे होते. तिकडे लातूर-उस्मानाबादकडे (आताचे धाराशिव) रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सरकारी आकड्यांनुसार जवळजवळ 8 हजार माणसे गेली आणि 52 गावे जमीनदोस्त झाली. भूकंप 6 च्या थोडा वरचा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. इथे मारले ते घरांनी.

ती घरे हलकीसलकी नव्हती. उलट फार दणकट दिसणारी होती, दोन-तीन फूट आणि कुठे कुठे त्याहून जाड दगडी भिंती. पण त्या भिंतीला आत एक आणि बाहेर एक अशी दोन तोंडे, आणि मध्ये चिपा नि माती भरलेली. दोन्ही तोंडांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. लाकडी खणांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी वर आणखी माती टाकायची. आजोबांपासून टाकत आलेली ती माती काही घरांत फूट-दीड फूट, काही ठिकाणी त्याहून जाड झाली होती. उन्हाळ्यात घर गार राहायचे, पाऊस आत यायचा नाही. भूकंपात मात्र भिंतीची तोंडे सुटली आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. अनेक जुन्या वाड्यांत लाकडी खांब-तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या. कुडाच्या झोपडीतली गरीब माणसे वाचली, वाड्यातली गेली.

आपल्याला भूकंप नवीन नव्हता. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्का माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. मी सात वर्षांची होते. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. पण किल्लारीचा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तिथल्या गवंड्याला भूकंपाची भिंत कशी असते हे कोणी शिकवलेच नव्हते.

आता खरा मुद्दा. घरे परत बांधायची होती आणि कोणी बांधायची हे ठरवायचे होते. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम आखला आणि त्यात दोन अगदी वेगळ्या वाटा निघाल्या.

पूर्ण पडलेल्या गावांची नवीन जागी वसाहत झाली. घरे कंत्राटदारांनी बांधली, काही गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला 400, मोठ्याला 750. आखलेले सरळ रस्ते, सारखी घरे. सिमेंटची होती, मजबूत होती, त्या माणसांना तेव्हा मजबुतीच हवी होती. दगडाची भीती अशी बसली होती की धड उभ्या भिंतीच्या घरातही लोक झोपायला तयार नव्हते, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पण घरात राहायला गेल्यावर बायकांना कळले की बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे ठेवायचा, वर्षाचे धान्य कुठे साठवायचे, सुनेला न्हाणीला आडोसा कुठे, हे कोणी विचारलेच नव्हते. गाव जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरले, तेव्हा शेजारीण लांब गेली. मी त्या कंत्राटदारांना नावे ठेवत नाही. ज्याने पैसे दिले त्याचे त्यांनी ऐकले. ज्या बाईला त्या चुलीपुढे चाळीस वर्षे बसायचे होते, ती पैसे देणारी नव्हती.

दुसरी वाट होती ज्यांची घरे पूर्ण पडली नव्हती, तडे गेले होते, त्यांची. लातूर-उस्मानाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांत मिळून अशी जवळजवळ दोन लाख घरे. इथे कंत्राटदार नाही. मदत हप्त्याहप्त्याने घरमालकालाच आणि गवंडी त्याने स्वतः ठरवायचा. इंजिनिअर येऊन काम बघणार, टप्पा बरोबर असेल तर पुढचा हप्ता. गवंड्यांनाही शिकवले गेले: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार धरणारे दगड किंवा काँक्रीटचे तुकडे घाला, कोपरे बांधून घ्या, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या घराभोवती सळईचा एकसंध पट्टा फिरवा.

सुरुवातीला लोक पुढे येईनात. माहिती पुरुषांच्या बैठकीत यायची आणि तिथेच राहायची. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला बरोबर घेऊन सरकारने हजाराहून जास्त गावांत तिथल्याच बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या. कोणी चार इयत्ता शिकलेली, कोणी अंगणवाडीतली. त्या महिला मंडळ जमवायच्या, पट्टा म्हणजे काय, सिमेंट-वाळूचे प्रमाण काय, हप्ता कधी मिळतो हे सांगायच्या. मग घरातली बाई गवंड्याला विचारू लागली, कोपऱ्यात सळई वळवली का? पाणी किती दिवस मारायचे? घर बांधणाऱ्याची निवड तिथे खऱ्या अर्थाने बाईच्या हातात आली, असे मला वाटते.

आपल्या समाजाचा हातही तिथे लागला होता. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1200 मुले पुण्यात आणून शिकवली. घराइतकेच ते काम मोठे होते, पण तो वेगळा लेख होईल.

आमचे माधवनगरचे घर 1994 मध्ये निघाले, किल्लारी ताजी असताना. मामंजींच्या पुढे दोन माणसे होती. एक मालमजुरीसह घेणारा कंत्राटदार, चौरस फुटाचा दर सांगणारा. दुसरा ओळखीचा गवंडी, मजुरीवर. मामंजींनी दोघांनाही एकच विचारले, "पट्टा कुठे कुठे घालणार?" कंत्राटदार म्हणाला, इकडे गरज नाही, खर्च वाढेल. गवंडी म्हणाला, मी कधी घातला नाही, पण इंजिनिअरने काढून दिला तर तसाच घालीन. काम त्याला मिळाले. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणला. हिशोबाची वही माझ्याकडे होती, बी.कॉम.चा तेवढा उपयोग! जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा असे टप्पे पाडून टप्पा झाला की पैसे. शेवटची रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवली होती. गवंडीमामा सुरुवातीला जरा नाराज झाले, पण त्यांनी मानले.

किल्लारीनंतर सव्वा वर्षाने, 17 जानेवारी 1995 च्या पहाटे जपानमधल्या कोबेला भूकंप झाला. इतक्या पुढारलेल्या देशात सहा हजारांवर माणसे गेली. बहुतेक जण जुन्या लाकडी घरांखाली सापडले. त्या घरांवर जड कौले होती आणि कौलांखाली मातीचा थर, वादळात छप्पर उडू नये म्हणून. आपल्याकडे पावसासाठी माती, त्यांच्याकडे वादळासाठी. 1981 च्या नव्या नियमांनंतर बांधलेली घरे मात्र बरीच तगली. त्यानंतर तिथे कायदा आला: 2000 पासून नव्या घराचा सांगाडा आणि पावसाची गळती यांची 10 वर्षे जबाबदारी बांधणाऱ्यावर. 2009 पासून त्यासाठी विमा किंवा ठेव ठेवणेही सक्तीचे झाले, म्हणजे बांधणाऱ्याचे दिवाळे निघाले तरी घरवाल्याला भरपाई मिळावी.

आपल्याकडे रेरा कायद्यात बिल्डरच्या प्रकल्पात घर घेतले तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षे बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर असते. पण स्वतःच्या प्लॉटवर गवंड्याकडून किंवा कंत्राटदाराकडून बांधून घेणाऱ्याला ते छत्र नाही. तिथे आपण लिहून घेऊ तेवढेच. म्हणून सुनांनो-लेकींनो, बांधकाम काढाल तेव्हा स्टॅम्पपेपरवर दर, टप्पे, सिमेंट-सळईचा प्रकार, गळतीची जबाबदारी किती वर्षे आणि काम थांबले तर काय, एवढे तरी लिहून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी घ्या. ओळखीच्याला मागायला संकोच वाटतो, तिथेच तर राहून जाते.

भाचीला मी सांगितले, तीनपैकी कोणीही निवड, पण त्याने पाच-दहा वर्षांपूर्वी बांधलेल्या दोन घरांत जा आणि तिथल्या बाईशी एकटीने बोल. कपाटे दाखवू नको म्हणावे, पावसाळ्यात काय होते ते सांग. आणि जिथे काम चालू आहे तिथेही एकदा जा, भिंत झाकायच्या आधी.

जानेवारी 2001 मध्ये गुजरातेत भुजचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या त्याच बायका कच्छमध्ये गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. तरी त्यांनी तिथल्या बायकांना बसवून पट्टा, कोपरा आणि हप्ता समजावून सांगितला. गुजरातेत पुढे बहुतेक घरे मालकांनी स्वतःच, हप्त्यांवर, आपापल्या गवंड्यांकडून बांधून घेतली.