रिकाम्या जागा आणि उपाशी घरें

मोठ्या शहरांत दोन गोष्टी पुष्कळदां शेजारीशेजारी आढळतात. एका बाजूस, आज ना उद्यां भाव येईल म्हणून मालकानें अडवून ठेवलेली आणि तणानें माजलेली रिकामी जमीन. दुसऱ्या बाजूस, कर्त्या पुरुषाचें काम सुटल्यामुळें चूल थंड पडलेलें घर. दोहोंमधील अंतर कधीं कधीं शंभर पावलांचेंहि नसतें. ह्या दोहोंची गांठ घालून देण्याची कल्पना अमेरिकेंतील शहरांनीं गेल्या सवाशे वर्षांत वारंवार हातीं धरली, वारंवार टाकून दिली आणि पुन्हां उचलली. ह्या धरसोडीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इ. स. १८९३ सालीं अमेरिकेवर मोठी आर्थिक आपत्ति कोसळली. पेढ्या बुडाल्या, आगगाडीच्या कंपन्यांचीं दिवाळीं निघालीं आणि कारखान्यांचीं दारें बंद झालीं. डेट्रॉइट शहरांत हातावर पोट असलेले हजारों मजूर बेकार झाले. त्यांत पोलंड व जर्मनी ह्या देशांतून आलेलीं कुटुंबें पुष्कळ होतीं. त्या वेळीं हेझन पिंग्री हे गृहस्थ शहराचे मेयर होते. १८४० सालीं जन्मलेल्या पिंग्री ह्यांनीं तरुणपणीं जोड्यांच्या कारखान्यांत मजुरी केली होती. यादवी युद्धांत ते शिपाई म्हणून लढले, शत्रूच्या हातीं सांपडले आणि अँडरसनव्हिल येथील कुप्रसिद्ध बंदिछावणींत राहिले. त्या छावणींत हजारों कैदी रोगानें व अन्नावांचून मेले. पुढें डेट्रॉइट येथें स्वतःचा जोड्यांचा कारखाना काढून ते धनिक झाले. तथापि भूक म्हणजे काय हें त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होतें.

१८९४ च्या उन्हाळ्याच्या आरंभीं पिंग्री ह्यांनीं शहरांतील जमीनमालकांना विनंति केली, कीं तुमच्या रिकाम्या जागा ह्या हंगामापुरत्या बेकारांना लागवडीसाठीं द्या. जमीन मिळाली, परंतु नांगरट, बियाणें व अवजारें ह्यांसाठीं पैसा हवा होता. गांवांतील धर्ममंदिरांकडे वर्गणी मागितली, तेव्हां १४ डॉलरदेखील जमले नाहींत. मग पिंग्री ह्यांनीं आपला आवडता उमदा घोडा लिलांवांत विकला आणि ती रक्कम कामीं लावली. व्यवस्थेसाठीं जी समिति नेमली, तिचे प्रमुख कॅप्टन कॉर्नेलियस गार्डनर नांवाचे लष्करी अधिकारी होते. ज्याच्या आडनांवाचा अर्थच माळी, त्याच्याकडे शहराच्या भाजीपाल्याचें काम यावें, हा योग गमतीचा खराच.

वर्तमानपत्रांनीं मेयरची यथेच्छ टिंगल केली. ‘बटाटेवाले पिंग्री’ असें नांव पडलें, व्यंगचित्रें निघालीं, आळशी माणसें कुदळ हातीं धरणार नाहींत अशीं भाकितें झालीं. प्रत्यक्षांत सुमारे ४३० एकर जमीन लागवडीखालीं आली आणि ९४५ कुटुंबांना तिचे लहान लहान तुकडे वांटून देण्यांत आले. अर्ज करणारे ह्याच्या तिप्पट होते. पेरणीस उशीर होऊनहि बटाटे, घेवडा, सलगम असें पीक बरें आलें. एकंदर खर्च सुमारे ३,६०० डॉलर झाला, आणि उत्पन्नाची किंमत बारा हजार डॉलरांहून अधिक भरली. भाकितें करणारे गप्प बसले. दोनतीन वर्षांत न्यू यॉर्क, बफलो, फिलाडेल्फिया वगैरे शहरांनीं हाच कित्ता गिरविला. पिंग्री पुढें मिशिगन राज्याचे गव्हर्नर झाले आणि १९०१ सालीं लंडन येथें वारले. डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस उद्यानांत नागरिकांनीं त्यांचा पुतळा उभारला आहे.

पिंग्री ह्यांच्या योजनेचें मर्म असें होतें, कीं तींत भिक्षा नव्हती. ज्यानें कुदळ मारली त्याचेंच पीक. त्याला कोणाच्या दारीं हात पसरावा लागला नाहीं. परंतु तिच्यांत एक उणीवहि होती. जमीन उसनी होती. मंदी ओसरली, कारखान्यांचीं धुरांडीं पुन्हां पेटलीं, जागांना भाव आला आणि मालकांनीं त्या परत घेतल्या. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण जणूं ह्याच प्रकारासाठीं झाली असावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तर सबंध अमेरिकेंत परसांतून, शाळांच्या पटांगणांतून व सार्वजनिक उद्यानांतून लक्षावधि भाजीचे वाफे तयार झाले होते. युद्ध संपतांच त्यांतील बहुतेकांवर पुन्हां हिरवळ आली.

ह्यानंतरचें महत्त्वाचें पर्व पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहरांत घडलें. हें शहर बोइंग ह्या विमानांच्या कारखान्यावर फार अवलंबून होतें. १९६८ च्या सुमारास तेथील नोकरवर्ग लाखाच्या घरांत होता. १९७१ सालीं तो चाळीस हजारांच्याहि खालीं आला. शहर सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसानें दिवे मालवून जावें, अशा अर्थाचा एक उपहासपर फलकच त्या वर्षीं रस्त्यावर लागला होता. कालपरवांपर्यंत मोटारींतून हिंडणारे कुशल कारागीर व इंजिनियर शिध्यासाठीं रांगेंत उभे राहूं लागले. त्यांच्यासाठीं गांवकऱ्यांनीं चालविलेली ‘नेबर्स इन नीड’, म्हणजे अडचणींतील शेजारी, ह्या नांवाची मदतसंस्था पुढें आली व ठिकठिकाणीं अन्नवांटपाचीं केंद्रें उघडलीं.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. अन्नछत्रांत शिजलेलें जेवण वाढतात. अमेरिकेंतील फूड बँक किंवा पँट्री ह्या ठिकाणीं शिधा मिळतो आणि तो घरीं नेऊन शिजवावयाचा असतो. अशी पहिली फूड बँक १९६७ सालीं ॲरिझोना राज्यांतील फीनिक्स शहरांत निघाली. ह्या कोठींत येणारा माल मुख्यतः डब्यांतील पदार्थ, पीठ, कडधान्य असा टिकाऊ असतो. ताजी भाजी दुर्मिळ. कारण ती नाशवंत, आणि ज्याला ती विकत परवडत नाहीं, त्यालाच तिची गरज अधिक.

सिॲटलच्या ईशान्य भागांत पिकार्डो ह्या मूळच्या इटालियन कुटुंबाचा भाजीचा मळा होता. ही काळी, भुसभुशीत, पाणी धरणारी जमीन. वडीलधाऱ्यांनीं तींत भाजी पिकवून बाजारांत विकली होती; परंतु १९७० च्या सुमारास मळ्याचें काम आटोपत आलें होतें. विद्यापीठांतील एका विद्यार्थिनीनें मालकाकडे थोडीशी जागा मागितली. मनांत होतें, कीं जवळच्या प्राथमिक शाळेंतील मुलांकडून भाजी लावून घ्यावी आणि ती ‘नेबर्स इन नीड’ला द्यावी. मालकानें जागा दिली. मधला मोठा भाग दानाच्या पिकासाठीं ठेवला, आणि जीं कुटुंबें तेथें हात लावतील, त्यांना कडेचे लहान तुकडे स्वतःच्या भाजीसाठीं दिले. अशा रीतीनें एकाच कुंपणांत दान आणि घरसंसार हे दोन्ही नांदूं लागले.

१९७३ सालीं नगरपालिकेनें ती जमीन भाड्यानें घेऊन योजना आपल्याकडे घेतली, व पुढें ती जमीन विकतच घेतली. पिकार्डो ह्या नांवाच्या आद्याक्षरावरून अशा बागांना ‘पी-पॅच’ हें नांव पडलें. आज सिॲटलमध्यें अशा सुमारे नव्वद बागा आहेत, आणि त्यांतून दरवर्षीं हजारों पौंड ताजी भाजी फूड बँकांकडे जाते. डेट्रॉइटला जें साधलें नाहीं तें सिॲटलला बऱ्याच अंशीं साधलें, ह्याचें कारण जमिनीच्या मालकींत आहे. अर्थात् तेथेंहि संकट आलेंच. ब्रॅडनर नांवाची एक बाग घरबांधणीसाठीं विकण्याचा विचार पालिकेंत निघाला, तेव्हां बागेंतील स्वयंसेवकांनीं चळवळ केली. १९९७ सालीं नियम झाला, कीं उद्यानाची सार्वजनिक जमीन दुसऱ्या कामास लावावयाची, तर तितकीच व तशीच जमीन त्याच भागांत द्यावी लागेल. कुदळ धरणाऱ्यांना कधीं कधीं कायद्याचा कागदहि धरावा लागतो, तो असा.

अशा बागेचें काम बाहेरून दिसतें तितकें सोपें नाहीं. पालेभाजी उन्हांत सुकते, म्हणून फूड बँक उघडण्याच्या दिवशीं पहांटेस काढणी करावी लागते. ती धुवावी, जुड्या बांधाव्या, वजन करून नोंद ठेवावी आणि वेळेवर पोंचवावी. पुन्हां पीकहि घेणाऱ्याच्या सोयीचें हवें. ज्याच्या घरीं मोठें भांडें नाहीं, चुलीचीहि पंचाईत, त्याला गाजर व कोबी उपयोगी. ज्या भाजीचें नांवच त्यानें ऐकलें नाहीं, ती त्याच्या घरीं सडते. उन्हाळ्याच्या अखेरीस ‘झुकिनी’ नांवाचें भोपळ्याच्या जातीचें फळ वेलींवर मावेनासें होतें आणि सर्वजण तेंच आणून टाकतात. तें दान खरें. पण तें उरलेल्याचें दान होय.

उरलेलें देणें आणि राखून ठेवून देणें, ह्यांतील अंतर अलास्का राज्यांतील अँकरेज येथें नेमकें ओळखलें गेलें. तेथील वर्तमानपत्रांत बागकामावर लिहिणारे जेफ लोवेनफेल्स ह्यांनीं १९९५ सालीं वाचकांना सुचविलें, कीं प्रत्येकानें आपल्या वाफ्यांत एक ओळ उपाशी माणसासाठीं म्हणून मुद्दाम लावावी. ही सूचना देशभर पसरली. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून, चांगल्या हेतूनें अन्न देणाऱ्यास कोर्टकचेरीच्या भीतीपासून संरक्षण दिलें. महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून पान वाढल्याबरोबर, पहिला घांस घेण्यापूर्वीं, गोग्रास वेगळा काढून ठेवीत. जेवून उरल्यावर नव्हे. अँकरेजची ती एक ओळ म्हणजे जमिनींत काढून ठेवलेला घांसच होय.

अशा बागांनीं शहराची भूक मिटते काय, असें कोणी विचारील. मिटत नाहीं. कारखाना बंद पडला म्हणजे जी उपासमार येते, तिला रोजगार व रास्त वेतन हेंच औषध आहे, आणि गाजरांच्या जुड्यांनीं राज्यकर्त्यांचें कर्तव्य पार पडत नाहीं. तथापि त्या जुड्यांना कमी लेखणेंहि बरोबर नाहीं. डब्यांतील शिळ्या जिनसांच्या रांगेंत ज्या आईच्या पिशवींत त्याच सकाळीं काढलेली कोवळी भाजी पडते, तिला तिचें मूल्य आंकड्यांनीं सांगावें लागत नाहीं.

डेट्रॉइटपासून सिॲटलपर्यंतचा हा इतिहास एवढेंच सांगतो, कीं शहरांत जमीन असते, काम करणारे हातहि असतात. उणीव असते ती त्यांची गांठ घालून देणाऱ्याची. आणि गांठ पडल्यावर, संकट टळलें तरी ती सुटूं न देणें, हें तिच्याहून अवघड काम आहे. पीक एका हंगामांत येतें; पण ती एक ओळ प्रतिवर्षीं नव्यानें पेरावी लागते.