खलित्याचा वेग आणि नागरिकाचा आवाज

मुत्सद्देगिरी म्हणजे गोड बोलून वेळ काढणे, असे थट्टेने म्हटले जाते. त्या थट्टेतला ‘वेळ’ हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, 8 नोव्हेंबर 1861 रोजी उत्तरेच्या आरमारातील कप्तान विल्क्स याने ‘ट्रेंट’ ही इंग्रजांची टपालबोट भर समुद्रात अडवली आणि बंडखोर दक्षिणेचे दोन वकील, मेसन व स्लायडेल, उतरवून घेतले. लंडनला बातमी पोचली ती 27 तारखेला. कारण अटलांटिकखालची 1858 ची तार काही आठवड्यांतच मुकी झाली होती. लंडनची वर्तमानपत्रे खवळली, कॅनडाकडे फौजा निघाल्या. तिकडे उत्तरेत विल्क्सचे सत्कार चालले होते! इंग्रज मंत्रिमंडळाचा कडक खलिता राणीकडे गेला, तेव्हा आजारी प्रिन्स अल्बर्टने त्यातली भाषा सौम्य केली. कप्तानाने हे वरिष्ठांच्या हुकुमावाचून केले असावे, अशी वाट त्याने लिंकनसाठी मोकळी ठेवली. खलिता बोटीने वॉशिंग्टनला जाईपर्यंत अर्धा डिसेंबर उलटला. 26 डिसेंबरला लिंकनच्या मंत्रिमंडळाने वकिलांना सोडण्याचे ठरवले. टिकाऊ तार पडली 1866 साली. ती पाच वर्षे आधी पडली असती तर? असे प्रश्न इतिहासकाराने विचारू नयेत म्हणतात, आम्ही विचारतो.

आज ती तार प्रत्येकाच्या खिशात आहे. तिचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. सुषमा स्वराज 2014 ते 2019 या काळात परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेला साधा माणूस ट्विटरवर दोन ओळी लिही आणि वकिलात हलू लागे. 2010 च्या नोव्हेंबरपासून अमेरिकी वकिलातींचे अडीच लाखांवर खलिते ‘विकिलीक्स’मार्फत उघड्यावर येऊ लागले. आपल्या नावाने बंद दाराआड काय बोलले जाते, हे नागरिकाला एवढ्या प्रमाणावर पूर्वी कधी वाचायला मिळाले होते?

पण 1861 मध्ये दोन किनाऱ्यांवरच्या गर्दीमध्ये समुद्र होता. आज एकीकडचे सत्कार दुसरीकडची गर्दी त्याच क्षणी पाहते, आणि मंत्र्याचे जाहीर उत्तर परक्या सरकारापेक्षा घरच्या मतदारासाठीच अधिक लिहिलेले असते. ते एकदा प्रसिद्ध झाल्यावर अल्बर्टची लेखणी कुठे चालणार? शिवाय नागरिकाचा हा आवाज ज्या वाटांनी जातो, त्यांतल्या बहुतेक वाटा खासगी कंपन्यांच्या मालकीच्या. डेन्मार्कने 2017 साली अशा कंपन्यांशी बोलणी करण्यासाठी निराळा राजदूत नेमला. त्याने मुक्काम ठोकला तो कोणत्याही राजधानीत नव्हे, तर कॅलिफोर्नियातील सिलिकन व्हॅलीत.