रेवदंडा-कोर्लई : तहानंतरचा इतिहास

रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीत आज माडांच्या वाड्या आहेत. अभ्यासक सातखणी मनोरा पाहतो आणि परततो. इ. स. १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने येथे किल्ल्याची उभारणी सुरू झाली; १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीचा वेढा पोर्तुगीजांनी सोसला; आणि १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. राजकीय इतिहासाचे प्रकरण येथे संपते.

कुंडलिकेच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात मात्र ते संपलेले नाही. किल्ल्याच्या पायथ्याचा ख्रिस्ती समाज 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', बोलतो. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ च्या ग्रंथात तिच्या घडणीचा सविस्तर अभ्यास आहे. तिचा शब्दसंग्रह प्रामुख्याने पोर्तुगीज. क्रियापद मात्र मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. मराठीने पोर्तुगीजांकडून पगार, चावी, साबण, घमेले हे शब्द घेतले. कोर्लईच्या भाषेला तिने वाक्याची घडण दिली. म्हणूनच या भाषेस पोर्तुगीज सत्तेचा अवशेष मानणे अपुरे आहे. तिची बरीचशी जडणघडण ती सत्ता गेल्यानंतरची, मराठीच्या सहवासातील आहे.

आज ही भाषा बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात आहेत आणि शाळेची भाषा मराठी आहे. जिच्या सहवासात ती घडली, तिच्यातच ती विरून जाण्याची शक्यता आहे. लिखित संहितेलाच साहित्य मानणाऱ्या तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत ती येत नाही. तटबंदीच्या जतनाइतकीच तिच्या मौखिक परंपरेची नोंद निकडीची आहे, आणि ती जबाबदारी प्रथम मराठीच्या अभ्यासकांची आहे.